‘तिला काय कळतंय?’

रविवारची संध्याकाळ आहे, साल १९८७-८८च्या आसपासचं. तुम्ही वेल्ह्यात गुरुजींच्या ओसरीवर मांडी घालून बसला आहात. वय दहा. आळीत टीव्ही एकच, तोही काळा-पांढरा. ॲन्टेनाचं तोंड सिंहगडावरच्या मनोऱ्याकडे, पण मधे डोंगर आडवे, त्यामुळे पडद्यावर माणसं थोडी आणि मुंग्याच फार. गुरुजींचा थोरला कौलांवर चढून बांबू फिरवतोय. “आलं का?” “आलं, आलं... गेलं! तिथंच धर, हलवू नको!” शनिवारी मराठी आणि रविवारी हिंदी सिनेमा, हा दूरदर्शनचा नेम. बायका चुलीवर भात ठेवून आल्यात. तो करपणार हे त्यांना माहीत आहे, तरी कुणी उठत नाही.

आज ‘मासूम’ लागलाय. मुंग्यांमधून तीन पोरं दिसतात. दोन बहिणी, आणि त्यांच्या घरात अचानक येऊन पडलेला एक भाऊ. घरात काहीतरी बिनसलंय आणि मोठी माणसं आपल्यापासून लपवताहेत, हे थोरलीला कळतं. बोलून दाखवायची सोय नाही, तेव्हा ती नुसती बघते. तिचं खरं नाव विचारावं असं तुमच्या मनातही येत नाही. काळातून फिरणाऱ्याला पुढचं माहीत असतं, म्हणून सांगायचं: ती उर्मिला मातोंडकर. ४ फेब्रुवारी १९७४चा जन्म, मुंबईची. ‘मासूम’ १९८३चा, म्हणजे पडद्यावर ती नऊ वर्षांची आहे आणि त्याआधीच डॉ. श्रीराम लागूंच्या ‘झाकोळ’मध्ये आणि श्याम बेनेगलांच्या ‘कलयुग’मध्ये दिसून गेली आहे. घरात राष्ट्र सेवा दलाचे संस्कार होते, असं ती पुढे स्वतःच सांगणार आहे. त्या वेळी मात्र ते ऐकून घ्यायची कुणाची तयारी नसेल.

भात करपल्याचा वास आळीभर सुटतो. पुढे चला.

सप्टेंबर १९९५. अनंत चतुर्दशीला, ८ तारखेला, मुंबईत ‘रंगीला’ लागला. २१ तारखेला देशभर गणपती दूध प्यायले आणि वेल्ह्यातही लोक वाट्या-चमचे घेऊन देवळापुढे रांगेत उभे राहिले. राज्यात युतीचं सरकार येऊन सहा महिने झालेत. आता नवरात्र आहे, खाचरांत भात निसवलंय, आणि मंडळाच्या पोरांनी नसरापुरातून रात्रभरासाठी रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणलाय. दोन कॅसेटी देवाधर्माच्या, आजीबाईंना दाखवायला. तिसरी मुंबईहून आलेल्या कुणीतरी पिशवीच्या तळाशी घालून आणलेली. थिएटरात बसून चोरून काढलेली प्रिंट, मधेच कुणाचं तरी डोकं पडद्याला आडवं जातं.

तुम्ही सतरा वर्षांचे आहात. तुमच्या सगळ्यात धाकट्या काकांचं लग्न याच उन्हाळ्यात झालंय. काकी भोर तालुक्यातली, भाटघरच्या जलाशयाकाठची. डोक्यावरचा पदर सारखा करत ती बायकांच्या घोळक्यात अगदी मागे बसलीय, सासूच्या नजरेच्या टप्प्यात.

पडद्यावरची मुलगी मिली जोशी. मध्यमवर्गीय मराठी घरातली, सिनेमात मागे नाचणाऱ्या मुलींपैकी एक, हिरॉईन व्हायची स्वप्नं बघणारी. हे नीट बघा, कारण पुढे सगळे फक्त कपडे आणि नाच लक्षात ठेवणार आहेत. रामगोपाल वर्माची ही मिली आईबापांशी मराठी घरात बोलतात तशी वाद घालते, जेवणाच्या ताटावर बसून स्वप्नं सांगते, आणि आपल्याला काय हवंय याची तिला जराही लाज नाही. १९९५च्या हिंदी सिनेमात असली नायिका फारशी नव्हती. ए. आर. रहमानचं हिंदीतलं हे पहिलं स्वतंत्र काम. मनीष मल्होत्राच्या कपड्यांना फिल्मफेअर मिळालं. एका सिनेमात एवढं सगळं जमून आलं की नटीच्या नावापुढे तो सिनेमा आडनावासारखा चिकटतो.

“काय बाई हे कापडं!” आजी म्हणते. नजर मात्र पडद्यावरून हटत नाही. काकी काहीच बोलत नाही. दुसऱ्या दिवशी ओढ्यावर धुणं आपटताना ती काहीतरी गुणगुणत असते आणि तुम्ही आलेले दिसताच गप्प होते.

इथून पुढची वर्षं भरभर जातात. १९९८च्या ‘सत्या’त तीच मुलगी साध्या साडीत चाळीतली शेजारीण होते आणि शेजारी राहणारा तरुण गुंड आहे हे तिला अगदी शेवटी कळतं. ‘कौन’मध्ये एक घर, पाऊस आणि जेमतेम तीन माणसं. २००३ सालच्या ‘भूत’साठी समीक्षकांचं फिल्मफेअर. त्याच वर्षी अमृता प्रीतमच्या कादंबरीवरचा ‘पिंजर’. २००५ला ‘मैंने गांधी को नहीं मारा’मध्ये स्मृती गमावत चाललेल्या प्राध्यापकाची मुलगी. माझ्या मते तिचं सगळ्यात चांगलं काम हे शेवटचं. तिथे तिला नाचायचं नाही, घाबरवायचं नाही, एका म्हाताऱ्या माणसाला रोज सांभाळायचंय. २०१४ला मराठीत ‘आजोबा’ आला. माळशेजच्या जंगलात सोडलेला बिबट्या चालत मुंबईला पोचला, त्या खऱ्या घटनेवरचा. बिबट्यांचा अभ्यास करणारी बाई तिने केली. वेल्ह्याच्या धनगरवाड्यांवर बिबट्याच्या गोष्टी सिनेमात बघाव्या लागत नाहीत, हा भाग वेगळा.

पण एका ठिकाणी थांबावं लागेल, आणि तिथे उर्मिला नाही. १ मे २००१, महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा. तुम्ही एव्हाना बोरिवलीला खोली घेऊन राहताय, मालाडला नोकरीला आहात, आणि सुट्टीला गावी आलाय. ग्रामपंचायतीच्या पत्र्याखाली टेबलामागे काकी बसलीय. ती सरपंच आहे. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ला लागू झाली, पंचायतींत एक तृतीयांश जागा बायकांना आल्या. आरक्षणाचा फेरा या गावावर आला तेव्हा काकांनी घरातलं नाव दिलं. टपरीवर चहा पिणारे म्हणाले, “तिला काय कळतंय?”

पहिलं वर्ष त्यांचं खरं ठरलं. प्रश्न काकीला, उत्तर काकांचं. ग्रामसेवक प्रोसिडिंगचं पुस्तक उघडून बोट ठेवायचे, काकी सही करायची. आज काहीतरी वेगळं होतंय. ग्रामसेवकांनी बोट ठेवलंय, काकीच्या हातात पेन आहे आणि पेन टेकत नाही.

“भाऊसाहेब, आधी वाचा की.”

“अहो वहिनी, नेहमीचंच आहे.”

“नेहमीचंच वाचा.”

काका खाकरतात. काकी त्यांच्याकडे बघत नाही. ग्रामसेवक वाचतात, आणि तिसऱ्या ठरावात वरच्या वाडीची पाण्याची पाइपलाइन ‘निधीअभावी पुढे ढकलण्यात येत आहे’ असं निघतं. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण इथे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. पानशेत वेल्ह्यात, पाणी पुण्याला. भाटघरचं धरण १९२८ला पुरं झालं, पाणी नीरेच्या कालव्याने बारामती-इंदापूरकडे. ज्या काठावर ती वाढली तिथल्या बायका उन्हाळ्यात हंडे घेऊन फिरतात. काकी तो ठराव खोडायला लावते. सही करताना पेन इतकं दाबते की खालच्या पानावरही नाव उमटतं. पाइपलाइन पुढच्या पावसाळ्याआधी झाली. टपरीवरची मंडळी म्हणाली, वरून निधी आला.

आता २०१९.

२७ मार्चला दिल्लीत राहुल गांधींच्या उपस्थितीत उर्मिला मातोंडकर काँग्रेसमध्ये येते. दोनच दिवसांत उत्तर मुंबईची उमेदवारी. तुमचाच मतदारसंघ: दहिसर, बोरिवली, मागाठाणे, कांदिवली पूर्व, चारकोप, मालाड पश्चिम. सहापैकी पाच आमदार युतीचे. २०१४ला इथे काँग्रेसचे संजय निरुपम ४ लाख ४६ हजार मतांनी पडले होते. या वेळी ते शेजारच्या वायव्य मुंबईत सरकलेत. बालाकोटला महिना झालाय, टीव्हीवर दुसरं काही नाही. मतदान २९ एप्रिलला. म्हणजे पक्षात पाऊल टाकल्यापासून मत पडेपर्यंत जेमतेम महिनाभर. गावात सोसायटीची निवडणूक लढवणारासुद्धा वर्षभर आधी लग्नकार्यांत पाकिटं देऊ लागतो.

तुम्ही ऑफिसातून सुटून स्टेशनबाहेर येता तेव्हा गर्दी दिसते. मोबाइल वर धरलेले हात, शंभरेक. आवाज बसलेली, उन्हाने रापलेली एक बाई मराठीतून, मग हिंदीतून बोलतेय. जे ऐकायला थांबलेत त्यांतले निम्मे व्हिडिओ काढताहेत. ते बघताहेत मिली जोशीला. बाजूचा भाजीवाला विचारतो, “गोविंदासारखं होणार नाही ना?” त्याचा राग जुना आहे. २००४ला याच उत्तर मुंबईतून गोविंदाने राम नाईकांसारख्या पाच वेळच्या खासदाराला सुमारे ४८ हजारांनी पाडलं, आणि नंतर पाच वर्षं तो दिसला नाही ही मतदारांची कायमची तक्रार राहिली. गोविंदाचं बिल पंधरा वर्षांनी उर्मिलाच्या नावाने फाटत होतं.

१५ एप्रिलला बोरिवली स्टेशनबाहेरच तिच्या प्रचारात काँग्रेस आणि भाजपचे कार्यकर्ते भिडतात. ती पोलीस संरक्षण मागते. त्याआधीच व्हॉट्सॲपवर दुसरा प्रचार सुरू झालाय. तिने २०१६ला मोहसीन अख्तर मीर यांच्याशी लग्न केलं, ते काश्मिरी मुसलमान. बस, तेवढं पुरे. तिच्या नावाबद्दल, धर्माबद्दल वाटेल ते फिरतंय. तुमच्या इमारतीच्या ग्रुपवरही आलंय, आणि पाठवणारे काका सकाळी तुमच्याबरोबर बागेत चालतात.

२३ एप्रिल, मंगळवार. बारामती मतदारसंघात मतदान. तुमचं मत मुंबईत, तरी तुम्ही घरच्यांना केंद्रावर न्यायला गाडी घेऊन गावी आलाय. चेलाडीवरून मार्गासनी, विंझर. उन्हाने डोंगर पांढरे पडलेत, तोरणा धुरकट. शाळेच्या सावलीत दोन टेबलं, दोन पक्षांची, आणि दोन्हींवर बसलेली पोरं एकमेकांचे मावसभाऊ. यादी, टिकमार्क, “वरच्या वाडीची जीप आली का?” निवडणूक म्हणजे काय, ते या टेबलावर दिसतं. कुणाची म्हातारी आजारी होती तेव्हा पुण्याला गाडी कुणी दिली, कुणाचं कर्ज जिल्हा बँकेत कुणी करून दिलं, हे सगळं त्या टिकमार्कांत आहे. असलं टेबल बोरिवलीत उर्मिलासाठी कुणी मांडलं होतं का, याचं उत्तर तिनेच पुढे पत्रातून दिलं.

समोरासमोर सुप्रिया सुळे आणि कांचन कुल. एक शरद पवारांची लेक, दुसरी दौंडच्या आमदारांची पत्नी. विधानसभेला भोरमध्ये आधी अनंतराव थोपटे, मग त्यांचे चिरंजीव संग्राम. यात कुणाचा अपमान नाही. घराण्यात वाढलेल्या माणसाला लहानपणापासून कागद वाचता येतात, लोक ओळखता येतात, हे खरंच आहे. पण त्यांच्याबद्दल ‘यांना काय कळतंय’ असं टपरीवर कुणी म्हणत नाही. तो प्रश्न बाहेरून आलेल्यासाठी राखून ठेवलेला असतो, आणि बाहेरून आलेली बाई असली, त्यात नाचलेली असली, तर तो विचारायला कुणाला कष्टही पडत नाहीत.

गाडीत काकी पुढच्या सीटवर. चष्मा आलाय.

“तुमच्यात ती रंगीलावाली उभी हाय ना रं?”

“हो.”

“येईल का?”

“नाही येणार, काकी.”

“बोलती चांगली. परवा टीव्हीवर ऐकली. त्यो माणूस तिला सारखं नवऱ्याचं इचारत हुता, अन् ती रेल्वेचं सांगत हुती.” मग थोडं थांबून, “त्याला कोन इचारतं का, तुझी बायकू कोन म्हनून?”

२३ मेला निकाल. भाजपचे गोपाळ शेट्टी ७,०६,६७८. उर्मिला मातोंडकर २,४१,४३१. फरक ४ लाख ६५ हजारांचा. नटीचा धुव्वा, असं सगळीकडे. एक आकडा कुणी बाजूला ठेवून बघितला नाही: पाच वर्षांपूर्वी अनुभवी निरुपमांना २ लाख १७ हजार मतं होती. लाट तेवढीच, महिनाभराची उमेदवार, आणि मतं चोवीस हजारांनी जास्त. हा विजय नव्हे, पण धुव्वा म्हणायचा तर आधीच्याला काय म्हणायचं? इकडे सुप्रिया सुळे दीड लाखाहून जास्त मतांनी आल्या.

निकालाच्या आठवडाभर आधीच, १६ मेला, तिने मुंबई काँग्रेसच्या अध्यक्षांना पत्र लिहून प्रचारात कुणी काम केलं नाही ते नावानिशी कळवलं होतं. हे पत्र गोपनीय, ते फुटलं. कारवाई झाली नाही. १० सप्टेंबरला तिने पक्ष सोडला, कारण म्हणून पक्षातल्या क्षुद्र राजकारणाकडे बोट दाखवलं. राजकारणात मुरलेला माणूस असं पत्र लिहीत नाही, फोन करतो. तिने लिहिलं. प्रोसिडिंग वाचून घेणाऱ्या बाईची जातकुळी हीच.

२०२० सप्टेंबर. कंगना राणावत मुंबईची तुलना पाकव्याप्त काश्मीरशी करते, उर्मिला मुंबईच्या बाजूने बोलते, आणि उत्तरादाखल कंगना तिच्या सिनेमांवरून तिची लायकी काढते. एका नटीने दुसरीला नटी म्हणून हिणवणं! तुम्ही टाळेबंदीतल्या घरात बसून हे बघताय. १ डिसेंबरला ‘मातोश्री’वर उर्मिलाच्या हाताला शिवसेनेचं शिवबंधन बांधलं जातं. त्याआधी ६ नोव्हेंबरला महाविकास आघाडी सरकारने राज्यपालांकडे विधान परिषदेच्या बारा नावांची यादी पाठवलीय, तीत तिचं नाव आहे, गायक आनंद शिंदेंचंही आहे. घटनेच्या १७१व्या कलमात अशा जागा साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा यांतल्या जाणकारांसाठी आहेत. कला हा शब्द तिथे सहकाराच्या शेजारीच बसलाय. पुणे जिल्ह्यात सहकाराचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक, पण कलेचं कुणाला ऐकू गेलेलं दिसत नाही.

राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यादी ठेवून घेतात. महिने जातात. ऑगस्ट २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालय म्हणतं, वाजवी मुदतीत निर्णय व्हायला हवा. होत नाही. जून २०२२ला सरकार पडतं, सप्टेंबरात नवं सरकार ती यादीच मागे घेतं. दोन वर्षं तिच्या नावापुढे ‘संभाव्य आमदार’ लागत राहिलं आणि सभागृहात ती एक वाक्य बोलली नाही. निवडणूक हरली तेव्हा निदान जवळपास अडीच लाख माणसांनी हो म्हटलं होतं. इथे हो किंवा नाही म्हणायलाही कुणी नव्हतं. जानेवारी २०२३मध्ये ती जम्मूत भारत जोडो यात्रेत राहुल गांधींबरोबर चालताना दिसते.

शेवटचा थांबा ७ मे २०२४. बारामतीत पुन्हा मतदान, या वेळी नणंद विरुद्ध भावजय, सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार. वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड करायचं ठरलंय, पण एसटीच्या पाटीवर अजून वेल्हेच. गोविंदा मार्चमध्ये शिंदेंच्या शिवसेनेत गेलाय. कंगना मंडीतून उभी आहे आणि महिन्याभरात खासदार होईल. उर्मिला कुठूनच उभी नाही.

काकी मत देऊन बाहेर येते, बोटावरची शाई वाळवत. तुम्ही तिला हे सगळं सांगता.

“परत तिकीट न्हाई दिलं कुनी?”

“नाही.”

“मला तरी कुठं दिलं? पाच वर्सं झाली, आरक्षण फिरलं, पद खुलं झालं. म्हटलं, आता मला येतंय सगळं, उभी राहते. तर म्हनाले, खुल्या जागंवर बाई कशाला?”

“मग कोण उभं राहिलं?”

“तुझं काका की.”

“निवडून आले?”

“बिनविरोध.”